घाटावरचं व्याख्यान

जुन्नरला लोक जातात ते किल्ला चढायला, लेणी बघायला, नाहीतर द्राक्षांच्या दिवसांत मळ्यावर राहायला. मी गेले ती बोलायला. विद्यापीठाच्या बहिःशाल व्याख्यानांची पद्धत जुनी आहे. शहरातल्या प्राध्यापकाने तालुक्याच्या गावी जायचं, वाचनालयात नाहीतर देवळाच्या सभामंडपात तासभर बोलायचं, शाल-नारळ घ्यायचा आणि परत यायचं. मी समाजशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे, आणि निवृत्त प्राध्यापकाला बोलायला बोलावलं की तो तारीख विचारायच्या आधी हो म्हणतो. पत्रिकेवर धर्म, वंश, इतिहास आणि समाज असे भारदस्त शब्द छापले होते आणि खाली तीन ठिकाणं: जुन्नर, बेल्हे आणि आंबेगाव तालुक्यातलं घोड नदीकाठचं एक गाव. त्या तिसऱ्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

त्या गावाशी माझी ओळख आधीची. दोन वर्षांपूर्वी तिथल्या ग्रामसभेने ठराव केला होता की, गावात कुणाचा नवरा वारला तर तिचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. ठराव मांडला तो अलका नावाच्या बाईने. बचत गट चालवणारी, पस्तिशीची, बोलायला फटकळ. वेशीवर मोठा फलक लागला आणि त्यावरचा पडदा दोरी ओढून बाजूला करायला मला बोलावलं. पडदा अर्ध्यात अडकला. तेव्हा अलकाच स्टुलावर चढून तो सोडवायला लागली आणि तिचा नवरा दत्ता खाली स्टूल घट्ट धरून "पडशील, अगं पडशील" करत राहिला. सगळे हसले. माझ्याकडे त्या दिवसाचा जो फोटो आहे त्यात मी नाही, फलकही नीट नाही, हे दोघंच आहेत.

पुण्याहून निघालो आणि नारायणगावच्या अलीकडे संतोषने गाडी चहाला थांबवली. संतोष औटी माझा जुना विद्यार्थी. आता तिकडेच एका महाविद्यालयात शिकवतो आणि या व्याख्यानमालेचं जोखड त्याच्याच मानेवर आहे. चहा संपेपर्यंत तो हवापाण्याचं बोलत होता, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"मॅडम, तिसऱ्या गावचं जरा वेगळं झालंय," तो म्हणाला.

"रद्द झालं?"

"रद्द नाही. जागा बदललीय." त्याने कप खाली ठेवला. "अलकाताईंचे मालक गेले. दत्ता. बिबट्याने."

दिवस मावळताना दत्ता पाण्याची मोटार चालू करायला उसाच्या बांधाने गेला होता. तो परत आला नाही म्हणून माणसं काठ्या-बॅटऱ्या घेऊन गेली. पुढचं संतोषने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दशक्रिया नेमकी माझ्या तिसऱ्या व्याख्यानाच्या सकाळी येत होती. सगळं गाव नदीच्या घाटावर असणार, मग सभामंडपात ऐकायला कोण बसणार, म्हणून माझं भाषण घाटावरच ठेवलं होतं.

मी संतापले. "माणूस मेलाय आणि तुम्ही त्यात व्याख्यान घुसवता? लाज वाटत नाही?"

"अलकाताईंनीच सांगितलंय," तो म्हणाला आणि त्याने फोन लावून माझ्या हातात दिला.

"मॅडम, याच तुमी," पलीकडून अलका म्हणाली. आवाज बसलेला होता. "घाटावर माझं सगळं काढायचं म्हनत्यात. ठराव कुनाच्या ध्यानात न्हाई. तुमी माइकवर बोलला तर मग कुनाची टाप न्हाई मला हात लावायची."

येते म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

जुन्नर

जुन्नरच्या जुन्या पेठेत गाडी शिरत नाही. आम्ही चालत वाचनालयापर्यंत गेलो. खाली कापडाचं दुकान आणि वर दिवाणखाना, अशी ती जागा. दुकान पोपटशेठचं. राजस्थानातून आलेल्या जैन घराण्यातले गृहस्थ, व्याख्यानमालेचे आश्रयदाते. सूर्यास्तापूर्वी जेवून, तोंड धुऊन, ते पहिल्या रांगेत येऊन बसले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. श्रोते बरे होते. निवृत्त शिक्षक, वकील, आणि मागे भिंतीला टेकून उभी काही तरुण मुलं.

मी लेण्यांवर बोलले. जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्यांनी आपली नावं कोरून ठेवली आहेत आणि त्यांतले काही जण स्वतःला 'यवन' म्हणवतात. म्हणजे ग्रीकांच्या मुलखाकडचे लोक. समुद्र ओलांडून, घाट चढून ते इथे आले, इथला धर्म धरला, इथल्या भिक्षूंसाठी दगडात खोल्या आणि पाण्याची टाकी खोदवली. हे मी फार रंगवून सांगते, माझ्या आवडीचं आहे. माझं झाल्यावर मागच्या मुलांतला एक जण म्हणाला, "पण मॅडम, बाहेरचेच ना ते?"

"दोन हजार वर्षांपूर्वीचे," मी म्हटलं.

"बाहेरचा तो बाहेरचाच," तो म्हणाला, आणि त्याच्या बाजूच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तासाभराच्या भाषणाला पडल्या त्याहून जोरात. बाकीच्यांनी खाली पाहिलं. अध्यक्षांनी घाईने आभार मानायला सांगितलं.

पायऱ्या उतरताना पोपटशेठ माझ्या बरोबर होते. "मनावर घेऊ नका बाई," ते म्हणाले. "आमची चौथी पिढी हितं. मराठीशिवाय घरात बोलत न्हाई. तरी नातवाला शाळेत मारवाडी म्हणूनच हाक मारत्यात. आमचाबी कोनीतरी दगडावरचा लेख वाचंल कधीतरी."

परवा घाटावर बोलायचं आहे हे त्यांना सांगितलं तेव्हा ते चमकले नाहीत. उलट मलाच समजावलं. या भागात दशक्रिया म्हणजे घरचा कार्यक्रम नाही. शे-पाचशे माणूस जमतं. महाराजांचं प्रवचन होतं, मग पुढारी माइकवर श्रद्धांजली वाहतात आणि तिथून उठून दुसऱ्या घाटावर दुसऱ्याच्या दहाव्याला जातात. "मी दुकान उघडायच्या आधी जाऊन येतो. कोन आलं हे लक्षात ऱ्हात न्हाई राव, कोन न्हाई आलं ते बरूबर ऱ्हातं."

मी मूळची अकोल्याची. आमच्याकडे दहावा म्हणजे घरची चार माणसं, नदी आणि एक गुरुजी. सगळं गुपचूप, कोरड्या डोळ्यांनी उरकायचं. माझा नवरा पुण्यात वारला तेव्हा तर इलेक्ट्रिक दाहिनीतून परत येऊन मी दुसऱ्या आठवड्यात पेपर तपासायला बसले होते. माझ्या टिकलीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. याला मी पुढे बरीच वर्षं सुधारणा समजत होते. खरं म्हणजे कुणाला वेळ नव्हता.

बेल्हे

दुसऱ्या दिवशी बेल्ह्याचा बाजार होता आणि व्याख्यान त्याच दिवशी ठेवण्याची हुशारी कुणाची होती हे संतोषने मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. जनावरं भरलेले टेम्पो रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभे. बैलाच्या तोंडात हात घालून दात बघणारी माणसं, उपरण्याखाली बोटं धरून चाललेले सौदे, शेणाचा आणि भज्यांचा एकत्र वास. आमची सभा बाजाराच्या कडेच्या खोलीत. विषय होता 'जात: काल आणि आज'. मी काल सांगत असताना बाहेर एक म्हैस सुटली आणि निम्मे श्रोते तिला धरायला गेले. आज सांगायला लागेपर्यंत काही जण परत आले.

सभेनंतर एका बैलांच्या व्यापाऱ्याने मला दारात गाठलं. तो खिडकीतून ऐकत होता म्हणे.

"बाई, राग मानू नका. आसं बोलून मानूस बदलतो का वो?"

"बदलतो," मी म्हटलं. "पण वेळ लागतो. म्हणून जास्त बोलावं लागतं."

तो खूप हसला. मीही हसले. आपलं वाक्य जमलं की बरं वाटतं माणसाला.

दुपारी संतोषच्या आईने मासवडी केली होती. नाव ऐकून शाकाहारी माणसाने घाबरू नये. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, कांदा-लसणाचं सारण भरून वड्या कापतात आणि वर जाळ रस्सा घालतात. मी दोन भाकरी खाल्ल्या. वाढता वाढता त्या माउलीने सांगितलं की बिबट्याच्या भीतीने त्यांच्या वस्तीवर संध्याकाळी कुणी एकटं परसाकडेही जात नाही. गेलंच तर मोबाइलवर गाणी मोठ्याने लावून जातात. आवाज असला की जनावर जवळ येत नाही.

"आणि देवाची गाणी लावतात का?" मी गमतीने विचारलं.

"त्याला काय कळतंय? आवाज पायजे," त्या म्हणाल्या.

अलकाचं घर

उन्हं असतानाच आम्ही नदीकाठच्या गावात पोचलो. वेशीवरचा फलक जागेवर होता. खालच्या कोपऱ्यात कुणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचं पोस्टर चिकटवलं होतं, पण 'विधवा प्रथा बंद' ही अक्षरं स्वच्छ दिसत होती.

अलका ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. हिरव्या बांगड्या, कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. डोळे सुजून बारीक झालेले. मला बघून ती उठली नाही, हात पुढे केला. मी तो धरून बाजूला बसले. शेवटी तीच म्हणाली, "त्यांचा मोबाइल घरीच व्हता, मॅडम. चार्जिंगला लावल्याला. रोज गानी लावून जायचे. त्याच दिवशी ऱ्हायला."

तिची सासू आतून आली आणि उंबऱ्यात बसली. अलका तिला आत्या म्हणते. किडकिडीत बाई, पोटचा मुलगा गेलेली. तिच्याशी वाद घालायची तयारी मी गाडीत करून आले होते. ती तयारी तिथल्या तिथे विरघळली.

"ठरावाला मीबी हात वर केला व्हता, बाई," तीच म्हणाली. "तवा माझा दत्ता जित्ता व्हता. हात वर करायला काय लागतं?"

"पण आत्या, आता तर खरी वेळ आलीय ठराव पाळायची," मी म्हटलं.

"माझं पोरगं आसं गेलं. जनावरानं वडत न्हेलं. त्याला पुढची वाट घावली का न्हाई, मला म्हाईत न्हाई." तिने पदराने तोंड पुसलं. "मी हिला सांगितलंय. उद्या घाटावर कावळा शिवू द्या. शिवला, म्हंजी तो सुटला. मग हिला काय घालायचं ते घालू द्या, मी एक सबुद बोलनार न्हाई. कुनाला बोलूबी देनार न्हाई."

"आणि नाही शिवला तर?"

"तर त्याचा जीव हिच्या गळ्यात आडकलाय," ती म्हणाली आणि अलकाच्या मंगळसूत्राकडे बघत राहिली.

पुढचं मागचं माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. दहाव्या दिवशी मृताच्या नावाने भाताचा पिंड उघड्यावर ठेवतात. कावळ्याने चोच लावली की माणूस समाधानाने गेला. नाही लावली तर त्याची काही इच्छा राहिली असं धरून नातेवाईक हात जोडून वचनं देतात, पोरांना शिकवू, म्हातारीला सांभाळू, आणि वाट बघतात. मी वर्गात यावर एक अख्खा तास घेत असे.

जाताना अलका मला फाटकापर्यंत सोडायला आली. "कावळ्याचं मला भ्या न्हाई," ती हळू आवाजात म्हणाली. "आपल्या घाटावर कावळं लई हायत. भात ठेवायच्या आत उतरत्यात. मला बायांचं भ्या हाय. आत्यानं शबुद दिला तरी बाकीच्या गप ऱ्हानार न्हाईत. म्हनून तुमी माइकवर ठरावाचं बोला. सगळ्यांम्होरं."

"बोलते," मी म्हटलं. "चांगलं ठणकावून बोलते."

घाट

सकाळी घाटावर गेलो तेव्हा नदीवर धुकं होतं. पायऱ्यांच्या वरच्या अंगाला जुना उंबर आहे आणि त्याच्याखाली पिंड ठेवायचा दगडी ओटा. उंबरावर कावळ्यांची शाळा भरली होती. साउंडवाल्याने त्याच उंबराच्या फांदीला भोंगा बांधला, खाली येऊन "हॅलो, हॅलो, माइक चेक" केलं, आणि सगळे कावळे एकदम उठून नदीपार बाभळींवर गेले. पाण्यावरून ती काळी झुंबड जाताना फार देखणी दिसली. हे प्रवासवर्णनात घ्यायचं, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

माणसं येत राहिली. भावकीतले पुरुष डोकी भादरून बसलेले. ताडपत्रीवर पुरुष, समोर पाहुण्यांच्या खुर्च्या, आणि डाव्या हाताला, पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर बायका. अलका त्यांच्या मधोमध. तिने मंगळसूत्र मुद्दाम पदराबाहेर काढलं होतं, सगळ्यांना दिसेल असं. मी तिच्याकडे निघाले होते. अर्ध्या वाटेत सूत्रसंचालकाचा आवाज भोंग्यातून आला, "मॅडम, इकडे, इकडे. आपली जागा वर आहे." सगळे वळून बघायला लागले. मी जराशी थांबले आणि जाऊन खुर्चीवर बसले. त्या रांगेत मी एकटी बाई. अलकाच्या बाजूला जागा होती. मी तिथे बसले असते तर पुढचं झालं नसतं असं मला आजही वाटतं.

महाराजांनी देहाच्या नश्वरतेवर प्रवचन केलं. मग पुढारी. एकाने पिंजरे वाढवण्याचं आश्वासन दिलं, दुसऱ्याने शेतीला दिवसा वीज मागितली, तिसऱ्याने आधीच्या दोघांनी इतके दिवस काय केलं ते विचारलं. प्रत्येक जण बोलून झालं की दत्ताच्या फोटोला हात जोडायचा आणि गाडीत बसून पुढच्या घाटाला जायचा. एकाने तर दत्ताचं नाव दत्तात्रयऐवजी दशरथ घेतलं. खालून कुणीतरी सांगितलं, त्याने सुधारलं, आणि पुन्हा दशरथच म्हटलं.

पिंड ओट्यावर ठेवला. सगळ्यांच्या माना उंबराकडे वळल्या. उंबर रिकामा होता.

दत्ताच्या धाकट्या भावाने हात जोडले. "दादा, पोरांचं शिक्षन मी करीन. आईला काय कमी पडू देनार न्हाई." थोडा वेळ गेला. "वैनीला बहिनीवानी सांभाळीन." नदीपारच्या बाभळींवर कावळे कावकाव करत होते, पण अलीकडे एकही येत नव्हता. बायकांत कुजबुज सुरू झाली. सासूने डोळे मिटून घेतले होते.

सूत्रसंचालक माझ्यापाशी येऊन कानात म्हणाला, "मॅडम, आता तुम्ही घ्या. आणि कावळा शिवेपर्यंत चालू ठेवा. माणसं उठाया नकोत."

मी माइक घेतला. मी वाईट बोलले नाही, हे सांगायला हवं. मी फलकाची गोष्ट सांगितली, अडकलेला पडदा, स्टुलावर चढलेली अलका, स्टूल धरून उभा दत्ता. माणसांनी डोळे पुसले. मी म्हटलं, दत्ताने त्या दिवशी जे धरून ठेवलं होतं ते आज गावाने धरायचं आहे. ठराव वाचून दाखवला. ताडपत्रीवरच्या पुरुषांच्या माना हलल्या. इथे मी थांबायला हवं होतं. पण उंबर रिकामाच होता आणि सूत्रसंचालक बोटाने हवेत गोल गोल काढून 'चालू द्या' म्हणत होता.

मग मी रूढी कशा जन्मतात ते सांगितलं. धर्मग्रंथांत काय आहे आणि काय नाही ते सांगितलं. बोलता बोलता मला डावीकडे अलका दिसली. बायकांच्या घोळक्यातून तिने हात उंच केला होता, पंजा माझ्याकडे. मला वाटलं, ती म्हणतेय, बोला मॅडम, ठणकावून बोला. मी आवाज चढवला. थोड्या वेळाने तिने पुन्हा हात वर केला आणि मला भरून आलं. भोंग्यातून माझाच आवाज नदीवर जाऊन परत येत होता. मी जुन्नरच्या लेण्यांपर्यंत पोचले. यवनांनाही सोडलं नाही.

मधेच बायका उठून पायऱ्या उतरून पाण्याकडे जाताना मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसल्या. आंघोळीला चालल्या असतील असं वाटलं. माझ्याकडे तोंड करून बसलेल्या पुरुषांतल्या एकानेही मान वळवली नाही. बांगड्या दगडावर फुटल्याचा आवाज होतो म्हणतात. माझ्या भाषणात तो कुणाला आला नाही.

घसा बसला तेव्हा मी थांबले. धन्यवाद म्हणून माइक परत केला. पुढे कुणी बोलणारं उरलं नव्हतं, म्हणून साउंडवाल्याने बटण बंद केलं. घाट एकदम शांत झाला. नदीपारची बाभळ हलली. एक कावळा पाण्यावरून आला, उंबरावर बसला, खाली ओट्यावर उतरला आणि त्याने भातात चोच घातली. त्याच्या मागून दुसरा. मग सगळेच.

"शिवला! शिवला!" माणसं उभी राहिली. दत्ताचा भाऊ ओट्याला डोकं टेकून हमसून रडायला लागला.

पायऱ्यांवरून बायका वर येत होत्या. दोघींनी दोन्ही बाजूंनी धरलेली अलका मध्ये. लुगडं ओलं, कपाळ पुसलेलं, गळा मोकळा. उजव्या मनगटावर काच लागून रक्त आलं होतं आणि पाण्याबरोबर कोपरापर्यंत ओघळलं होतं. एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होती, "बगा, हिकडं काढलं आन् तिकडं आला. आडकलाच व्हता त्यो." सासूचा चेहरा मी पाहिला. तो दुष्ट नव्हता. दहा दिवसांत पहिल्यांदा ती बाई सैल झाली होती. तिच्यावर मला रागावता आलं नाही आणि याचाच मला राग आला.

"मॅडम, लई भारी बोलला," जाता जाता एक जण म्हणाला. "आसं बोलनारं मानूस पायजे घाटावर." सूत्रसंचालकाने शाल आणली. दशक्रियेला सत्कार करत नाहीत, म्हणून त्याने ती गुपचूप गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली.

मी अलकाला शोधत गेले. ती उंबराच्या मागे एकटी बसली होती, मनगटाला पदराचं टोक गुंडाळून. मी तिच्यासमोर मातीत बसले. म्हटलं, हे बेकायदेशीर आहे, ठराव आहे, आपण तक्रार करू. मी साक्ष देईन. आत्ता माझ्या पर्समधली टिकली लाव.

"लावीन की," ती म्हणाली. "पन आता लावली तर पोरं आजारी पडली, ऊस वाळला, सगळं त्या टिकलीवर येईल. त्यांनी डोळ्यानं बघितलं ना, काढलं आन् कावळा आला." तिने मान वर केली. भोंगा अजून फांदीला बांधलेला होता. साउंडवाला खाली वायर गुंडाळत होता. "मी सांगत व्हते बायांना, आवाजाला बुजत्यात कावळं. मॅडमचं हुंद्या, मग येतील. त्या थांबल्याबी व्हत्या. लई वेळ थांबल्या. आत्याबी थांबली."

मी भोंग्याकडे पाहिलं. मग ओट्याकडे. कावळे भांडून भात खात होते.

"तू मला हात केलास ना," मी म्हटलं. "दोनदा. मी बघितलं."

"केला व्हता, मॅडम," ती म्हणाली. "थांबा म्हनून केला व्हता."